पेमेंट सीट

बोरगाव मेघे, वर्धा
गुरुवार, ७ सप्टेंबर २०००

दादा,

नमस्कार. इकडे आम्ही सगळे आहोत, तिकडे तूही असशील.

हे पत्र मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच लिहायला घेतलं होतं. मग म्हटलं, गणपती बसू दे. गणपती बसले. मग पेन चालेना म्हणून नवीन आणायला चौकात गेलो, तर मंडळाच्या पोरांना लायटिंगच्या माळा चढवायला माणूस पाहिजे होता. तिथंच राहिलो. खरं सांगू का, पेन चांगला चालत होता. अजूनही तोच आहे. लिहायचंच नव्हतं मला, पण आता लिहिल्याशिवाय भागत नाही.

आईचा गुडघा दुखतो. बाबा चौकातल्या औषधाच्या दुकानात दुपारचे बसतात, दुकानदार जेवायला जातो तेवढा वेळ. कापसाची जिनिंग मिल बंद होऊन नोकरी गेल्यापासून त्यांना कुठंतरी बसायला लागतं, घरी बसले की भिंतीशी बोलतात. बाजूच्या प्लॉटवर घर होत आहे, त्यांनी आपल्या विहिरीचं पाणी मागितलं, बाबांनी दिलं.

माझं विचारशील तर उन्हाळाभर तळेगावला होतो, श्यामजी पंतच्या. तिथं एका संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे पेट्या ठोकायचं काम होतं. पेट्या संपल्यावर ट्रकवर बसून कानपूरपर्यंत गेलो. तिथं रस्ता चुकलो आणि एका सर्कशीच्या तंबूत आठवडाभर राहिलो. ती गोष्ट पुन्हा केव्हातरी. तिथल्या उंटाला सर्दी झाली होती, एवढंच सांगतो. परत आल्यावर वाटलं, यंदा तान्ह्या पोळ्याला, लहान पोरं बैल ओढत निघतात तेव्हा, लाकडी बैल विकावे. सिंदीच्या एका सुताराकडून पोतंभर बैल उचलले, चाकं लावलेले, शिंगांना बेगड. लहान बैल सगळे गेले. मोठे राहिले, कारण मोठा बैल घेणाऱ्या पोराच्या बापाला बैल नको असतो, शेजाऱ्यापेक्षा मोठा बैल पाहिजे असतो, आणि माझ्याकडचे मोठे सगळे एकाच मापाचे होते.

ते उरलेले बैल घेऊनच मी सेलूला गेलो. तुझ्या कामासाठी.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. बापूरावजींना सांग, माझं अंकिताशी जमणार नाही, पैशाचं मी हळूहळू बघतो, बाबांना आत्ताच बोलू नको. एवढंच होतं त्यात. सोपं काम दिलंस. तुला वाटलं असेल, हा तसाही फिरत असतो, जाता जाता सांगून येईल.

जाता जाताच गेलो रे. पण बापूरावजींच्या दुकानासमोर पोतं खांद्यावर घेऊन उभा राहिलो, तर आतून तुझ्या होणाऱ्या सासूबाई, कोकिळाबाई, धावतच आल्या. बापूरावजी गिऱ्हाईकात होते. बाईंनी पोत्याचं तोंड उघडून पाहिलं आणि आत हाक दिली, अंकिताच्या सासरहून पोळा आला. त्यांनी ते सगळे बैल देवापाशी ओळीनं मांडले, प्रत्येकाला कुंकू लावलं, आणि मला पाटावर बसवून पुरणपोळी वाढली. तूप वाढताना हात आखडत नव्हता बाईंचा. मी चार खाल्ल्या. तू म्हणशील, निरोप द्यायला गेला आणि जेवत काय बसला. तू असतास तर काय केलं असतंस ते मला माहीत नाही. तू नव्हतास.

जेवता जेवता मला ती सुपारी आठवत होती. तुझ्या तिसऱ्या वर्षाची. तुला फ्री सीट थोडक्यात हुकली, मग नागपूरला पेमेंट सीट घेतली. पहिल्या दोन वर्षांत आईचा गोफ गेला आणि बाबांचा फंड गेला. तिसऱ्या वर्षी बँकेत गेलो, तर साहेबानं शेताचा सातबारा मागितला, आणि आपलं शेत तर काकाशी भांडणात अडकलेलं. तेव्हा आईचे मामा, नानाजी, सेलूचं स्थळ घेऊन आले. पोराचं उरलेलं शिक्षण मुलीचा बाप करेल, आणि पोरगा नोकरीला लागला की लग्न. आपल्यात असं पुष्कळांचं झालं आहे. बाबा त्या दिवशी किती खूश होते. म्हणाले, "बँकेले शेत दाखवा लागते, सोयऱ्याले सुपारी पुरते." कागद नाही, सही नाही. सुपारी फुटली आणि तुझी दोन वर्षांची फी भरली गेली.

तू तेव्हा परीक्षा म्हणून पाच मिनिटं आला होतास. मी मात्र दिवसभर होतो. अंकिता दहावीत होती. चहा घेऊन आली तेव्हा अंगावर मावशीचा ड्रेस होता, बाह्या दुमडून दुमडून मनगटापाशी जाड गठ्ठा झाला होता. तिला कुणीतरी विचारलं, पुढं काय शिकशील. ती काही सांगणार, तेवढ्यात नानाजी म्हणाले, आता हिला कशाला, नवरा इंजिनिअर आहे ना. सगळे हसले. मीही हसलो.

असो. तर जेवण झालं आणि बापूरावजी दुकानातून आत आले. दुकान आता तेव्हासारखं राहिलं नाही. बरण्या अर्ध्याच असतात आणि मागच्या फळीवर नुसत्या साबणाच्या रिकाम्या खोक्यांची रांग लावलेली असते, दुकान भरलेलं दिसावं म्हणून. ते बसले आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच सुरू केलं. अंकिताला बारावीला चांगले मार्क पडले. अमरावतीच्या सरकारी कॉलेजात नंबर लागला. मेरिटवर, फ्री सीट. तुझ्यासारखीच इंजिनिअर होणार. हे सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, पोरीकडे पाहत होते, आणि ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

मी म्हटलं, मग तर फुकटच झालं. सरकारी कॉलेज म्हणजे आपण असंच समजतो ना. तर ते म्हणाले की फीचं काही नाही, फी ते उभ्या उभ्या भरतील. पण मुलींच्या होस्टेलमध्ये जागा नाही. चार वर्षं भाड्याची खोली, खानावळ, पुस्तकं, आणि एकटी पोर, म्हणून सुरुवातीला आईनं सोबत राहायचं. कॉलेज सरकारनं स्वस्त ठेवलं, पण कॉलेजापाशी राहणं काही कुणी स्वस्त ठेवलं नाही. त्यांच्याजवळ होतं ते दुकानात होतं, आणि दुकानातलं कुठं गेलं ते तुला माहीत आहे. आता बँक शिक्षणाला कर्ज देते, पण मॅनेजर जामीनदार मागतो, पगारदार. पगाराची चिठ्ठी लागते.

"आमच्या घरात पगाराची चिठ्ठी असलेला एकच माणूस आहे," ते म्हणाले. "आमचे जावई."

तेव्हा मी सांगितलं. दुसरा मार्ग राहिला नव्हता.

त्यांनी काहीच आरडाओरड केली नाही. समोर गिऱ्हाईक आलं, तर उठून गेले, साखर तोलून दिली, सुटे पैसे परत केले, आणि येऊन त्याच जागी बसले. मग एकच विचारलं, "पोरीत काई खोट काढली का त्यानं?" मी म्हटलं, नाही. "मग काऊन?" दादा, तू मला ते लिहून दिलं नव्हतंस. ते म्हणाले, आता तुमच्या घरची पायरी मी चढणार नाही, तुमच्या वडलांना, महादेवरावांना, सांगून द्या. आतल्या खोलीतून कोकिळाबाईंचा आवाज येत होता, पण रडण्याचा नव्हता. भांडी घासण्याचा होता.

बस स्टँडवर मी बसची वाट पाहत होतो, तर अंकिता आली. हातात पोतं. बैल परत आणले होते तिनं, कुंकू पुसून. म्हणाली की हे विकून टाका, आमच्याकडे लहान पोर नाही. मला वाटलं आता ही मला शिव्या देईल. पण ती हसली थोडीशी.

"लग्नाचं माझं काई म्हणणं नाई," ती म्हणाली. "मले तर बरंच वाटलं, खोटं काऊन बोलू. पैसे बी आता मागू नका त्याइले. फक्त पगाराची चिठ्ठी अन् एक सही पाठवा म्हणा. मंगळवारपर्यंत."

बस आली. मी बसमध्ये चढलो आणि पुढच्याच थांब्यावर उतरलो, कारण तिथं एसटीडी बूथ दिसला. तुझ्या घरमालकिणीनं सांगितलं, तू नाहीस. दुसऱ्या दिवशी वर्ध्याहून केला, तेव्हाही नव्हतास. तिसऱ्या वेळी तू आलास फोनवर. मी सगळं सांगितलं, जेवढं मीटर धावत असताना सांगता येतं. तू म्हणालास, "व्हिसाचं चालू आहे प्रफुल, अशा वेळी कुठल्या कर्जात नाव नको." मग विचारलंस, तिकडे पाऊस कसा आहे.

मी पावसाचं सांगितलं.

मंगळवार गेला. अमरावतीची सीट तिच्या मागच्या कुणाला तरी मिळाली असेल. ते पोरगंही कुणाच्या तरी सहीची वाट पाहत असेल, काय माहीत. मी त्या दिवशी मंडपात माळा लावत होतो आणि एक माळ काही केल्या पेटत नव्हती. सगळे बल्ब एक एक काढून पाहिले. त्यातच अख्खा दिवस घालवला.

मी काही फार शिकलेला नाही, बारावीत दोनदा बसलो, तुला माहीत आहे. पण मला एक दिसतं. तुला फ्री सीट मिळाली असती, तर आपण सेलूला गेलोच नसतो. अमरावतीला पोरींना चार खोल्या जास्त बांधल्या असत्या, तर बापूरावजींना तुझ्या तोंडाकडे पाहावं लागलं नसतं. कुठल्या ऑफिसात कुणीतरी चार सीटा, चार खाटा कमी केल्या, त्याचं नाव आपल्याला कधी कळणार नाही. आपण आपसातच भांडतो, तू, मी, बाबा आणि साखर तोलणारा तो माणूस. राग धरायला दुसरं कुणी सापडतच नाही. म्हणून मी तुझ्यावर धरला. आठ दिवस धरला. आता तोही सुटत चालला आहे, आणि ते मला आवडत नाही.

आता पुढचं.

काल सकाळी नानाजी आले. सेलूहून थेट. बाबा दाढी करत होते. नानाजींनी सगळं सांगितलं, तुझा नकार, सीट गेली ते, सगळं. मला वाटलं बाबा आरसा फेकून मारतील. त्यांनी राहिलेली अर्धी दाढी पूर्ण केली, तोंड धुतलं, टॉवेल दोरीवर नीट पसरून टाकला. मग नानाजी म्हणाले की सुपारी घराशी फुटली आहे, एका पोराशी नाही, आणि महादेवरावांना दोन पोरं आहेत.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. असं कधी पाहत नाहीत ते, बाजारात वस्तू पाहावी तसं.

"तू तसाबी काई करून नाई राह्यला," ते म्हणाले. "सेलूले राह्यजो. दुकान पाह्यजो त्याइचं."

झालं. तुळशीचं लग्न झालं की पहिल्या मुहूर्तावर. बापूरावजींना मुलगा नाही, मी तिकडेच राहायचं. म्हणजे तुझी दोन वर्षांची फी मी उरलेल्या वर्षांत दुकानात बसून फेडायची. आई म्हणाली, पोरगी गुणाची आहे. मग चूल फुंकत बसली, चूल तर पेटलेलीच होती.

आणि आता जे मला लिहायचं नव्हतं ते लिहितो. बाबांनी हे म्हटलं तेव्हा मला दुःख झालं नाही दादा. एक क्षण मला बरं वाटलं. कानपूर, तळेगाव, सर्कशीचा तंबू, सगळीकडे राहून पाहिलं, कुठंच कुणी म्हटलं नाही की आता इथंच राह्य. आणि ती पोर हसते तेव्हा एका गालाला खळी पडते, ती बस स्टँडवर मला दिसली होती. मी नाही म्हटलं नाही. कुणी विचारलंही नाही, पण विचारलं असतं तरी मी काय म्हटलं असतं, ते मला माहीत नाही.

मग दुपारी मी सेलूला गेलो. कुणाला न सांगता. अंकिता स्टँडच्या ऑफिससमोर उभी होती, पासाची चौकशी करत. मला पाहून तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी सांगत नाही. खळी तरी नव्हती.

तिनं ठरवून ठेवलं होतं. वर्ध्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला अजून जागा आहेत, उशिराची फी भरून शनिवारपर्यंत घेतात. फी कमी, एसटीचा विद्यार्थी पास, सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. खोली नको, खानावळ नको, जामीनदार नको. इंजिनिअर नाही तर नाही. पण तिचे वडील म्हणतात, लग्न ठरलं आहे, आता शनिवारसाठी पैसे कशाला घालवायचे.

"तुम्ही नाई म्हणा," ती म्हणाली. "मी म्हटलं तर मले मारतीन. तुम्ही म्हटलं तर नुसते बोलतीन तुमाले."

मी म्हटलं, आणि मला वाटत असेल की हो म्हणावं तर? हे मी का बोललो मलाच कळलं नाही. तिनं पासाच्या खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही वाईट नाई आहा. पण मले वर्ध्याले जाऊ द्या."

मी शब्द दिला. काल रात्री जेवताना सांगणार होतो, तर बाबांनी माझ्या पानात स्वतःहून भाकरी वाढली. पहिल्यांदा. मग नाही सांगितलं. आज सकाळी सांगणार होतो, तर ते आधीच कुठंतरी बाहेर पडले होते. आता संध्याकाळी सांगतो. त्याआधी हे पत्र टाकून यावं म्हटलं, म्हणजे मागं फिरायला जागा राहणार नाही.

तुझ्याकडून मला एवढंच पाहिजे, दादा. सही आता नको, ती वेळ गेली. तू बाबांना एक पत्र लिही. लिही की पैसे तुझे आहेत, तू परत करशील, प्रफुलला यात घालू नका. पैसे नाही पाठवलेस तरी चालेल, मी आता तेवढा भोळा राहिलो नाही. नुसतं लिही. म्हणजे माझ्या नाहीला पायाखाली काहीतरी राहील. नुसतं माझं नाही म्हणणं कुणी मोजत नाही या घरात, मी आजवर इतक्या गोष्टींना नाही म्हटलं आहे, शाळेला, नोकरीला, घरी वेळेवर येण्याला, की आता त्याची कुणाला किंमत राहिली नाही. तुझं पत्र शनिवारच्या आत येणार नाही हे मला कळतं. तरी लिही. ती पुढच्या वर्षी

थांब. बाहेर कुणी आलं.

दादा, बापूरावजी आले आहेत. एकटेच. पायरी चढणार नाही म्हणणारा माणूस आपल्या ओसरीवर बसला आहे, नवं धोतर नेसून, डोक्याला टोपी. बाबाही सोबत आहेत, त्यांनीच आणलं असेल. आईनं गडू-पेला नेला. त्यांनी पाण्याला हात लावला नाही, नुसते हात जोडले आणि म्हणाले, "लेकीच्या घरचं पाणी आमाले चालत नाई, बाई."

आई आत येऊन गडू हातात धरून तशीच उभी आहे. बाबा मला हाक मारून राहिले आहेत. दोनदा मारली. मी हे एवढं लिहून उठतो.

पाकिटावर तुझा पत्ता मी आधीच लिहून ठेवला होता, हे त्यात घालतो. बाहेर गेल्यावर मी काय बोललो ते तुला दुसरं कुणीतरी कळवील.

तुझ्या जागेवर बोलावलेला,
तुझा भाऊ
प्रफुल